खाडीच्या चिखलातला कार्बन मोजताना

ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा ही मान्यता, मिळाल्यापासून इथली तिवरे किती कार्बन साठवतात, याची चर्चा वाढली आहे, ही समाधानाची गोष्ट आहे. मात्र साठ्याचा मोठा हिस्सा खोडाफांद्यांत नसून पायाखालच्या चिखलात असतो. तिथे प्राणवायू जवळजवळ पोहोचत नसल्याने मुळे-पाने फार सावकाश कुजतात.

मोजणीसाठी ओहोटीच्या वेळी अर्धगोल पोलादी नळी मीटरभर खोल उतरवतात, वर आलेल्या काळ्या, गंधकाचा वास मारणाऱ्या चिखलाचे खोलीनुसार तुकडे कापतात, ते वाळवून घनता काढतात आणि प्रयोगशाळेत सेंद्रिय कार्बनचे प्रमाण तपासतात. समजा, घनता दर घन सेंटिमीटरला ०.८ ग्रॅम आणि कार्बन २ टक्के निघाला, तर एका हेक्टरच्या वरच्या मीटरभर थरात १६० टन कार्बन भरतो. घनता चुकली, की सगळा हिशेब चुकतो. म्हणून नळी घालताना चिखल दबू न देणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते.

भराव टाकून भरतीचे पाणी अडवले, की चिखल कोरडा पडतो, त्यात हवा शिरते आणि दीर्घकाळ साचलेला कार्बन वायुरूपाने बाहेर पडू लागतो. त्यामुळे दुसरीकडे लावलेल्या रोपांची संख्या ही त्याची भरपाई मानणे मला मान्य नाही; तिवरांच्या तोडीची परवानगी देण्याआधी त्या जागेच्या मातीतला साठा मोजून अहवालात मांडलाच पाहिजे.