तुम्ही विचारलंत म्हणून : हिरोचे कोटी

हळदीकुंकवाला शेजारच्या काकूंनी विचारलं, "तू सिनेमावाल्यांचे हिशेब बघतेस ना? मग खरं सांग, हे हिरो एकेका पिक्चरला इतके कोटी घेतात, त्या लायकीचे असतात का गं ते?" काकूंनी छत्तीस वर्षं शाळेत शिकवलंय, त्यामुळे त्या प्रश्नामागचं दुखणं मला कळलं. हाच प्रश्न मला लग्नात, लोकलमध्ये, माहेरी, सगळीकडे विचारतात. दरवेळी मी एका वाक्यात उत्तर देऊन सुटते. काकूंना तसं उत्तर द्यावंसं वाटलं नाही.

मी प्रॉडक्शन अकाउंटंट आहे. अंधेरी पश्चिमेतल्या ऑफिसांमध्ये एकोणीस वर्षं हेच काम करतेय. हिरोचा आकडा माझ्याच शीटवर असतो आणि स्पॉटदादाचं रिक्षाचं भाडंही.

काकू, आधी एक गोष्ट मान्य करू. ते पैसे पगार नसतात. पिक्चर अजून कागदावर असतं, तेव्हा डिस्ट्रिब्युटरचा फोन येतो आणि त्याचा पहिला प्रश्न असतो, "कोण आहे पिक्चरमध्ये?" कथा कशी आहे, हे तो नंतर विचारतो, कधी कधी विचारतही नाही. टीव्हीचे हक्क, ओटीटीचे हक्क, गाण्यांचे हक्क, सगळ्यांची बोलणी त्या एका नावावर होतात. शूटिंगचा एक दिवसही झालेला नसताना त्या नावावर पैसा उभा राहतो. हिरो नाव भाड्याने देतो, त्याचं ते भाडं. शिक्षिकेच्या पगाराशी त्याची तुलना केली की चीड येते आणि यायलाच हवी. पण ती चीड शिक्षकांना कमी देणाऱ्यांवर निघायला हवी.

नावाला इतकी किंमत का आली, हे मला बालगंधर्वांवरून कळतं. 8 जुलै 1921 ला मुंबईच्या बालीवाला थिएटरात बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी टिळक स्वराज्य फंडासाठी संयुक्त मानापमान केलं. महाराष्ट्रभर ज्यांच्या नावाचा डंका होता, असे दोन गायक नट एका रंगमंचावर आले. तरी त्या रात्री त्यांना ऐकलं ते त्या एका थिएटरात मावले तेवढ्यांनीच. आजच्या हिरोला ती भिंतच नाही. शुक्रवारी सकाळी नऊच्या शोला तो हजारो पडद्यांवर एकदम उभा असतो. एका माणसाची ओढ हजारपट झाली की भाडंही त्याच पटीत वाढतं.

हे नेहमीच असं नव्हतं. प्रभातमध्ये, मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये नट महिन्याच्या पगारावर असायचे. अशोककुमार बॉम्बे टॉकीजच्या लॅबोरेटरीत कामाला होते, तिथून ते पडद्यावर आले. मग दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बाजारात नवा पैसा खेळू लागला. एकेका पिक्चरसाठी मोठी रक्कम मोजणारे स्वतंत्र निर्माते पुढे आले आणि नट स्टुडिओ सोडून त्यांच्याकडे गेले. ज्याच्या चेहऱ्यावर तिकीट खपतं त्याने त्यातला वाटा मागावा, यात मला आजही काही वावगं वाटत नाही.

पण वाटा किती? इथे मी काकूंना कागदावर गणित करून दाखवलं. तीनशे रुपयांचं तिकीट घ्या. 18 टक्के जीएसटी वजा केला की उरतात साधारण 254. पहिल्या आठवड्यात मल्टिप्लेक्स त्यातलं निम्मं ठेवतं. 2009 मध्ये निर्मात्यांनी दोन महिने नवे पिक्चर अडवून धरले, तेव्हा ठरलेला हा हिशेब: पहिल्या आठवड्यात निर्मात्याकडे 50 टक्के, दुसऱ्यात 42.5, पुढे आणखी कमी. म्हणजे 127 रुपये. डिस्ट्रिब्युटरचं कमिशन दहा टक्के धरलं, तर हातात येतात 114. आता हिरोने 30 कोटी घेतले असतील, तर नुसते त्याचेच पैसे थिएटरातून वसूल व्हायला सव्वीस लाखांवर तिकिटं खपायला हवीत. तीही पहिल्याच आठवड्यात, आणि बाकी सगळा खर्च अजून बाजूलाच आहे. काकूंनी चष्मा काढून आकडा परत पाहिला.

काही जण तेवढी माणसं आणतात. 2023 मध्ये शाहरुख खानच्या 'पठाण' आणि 'जवान' या दोन पिक्चरनी जगभरात प्रत्येकी हजार कोटींच्या वर गल्ला केला. त्याने मागितलेला आकडा कितीही मोठा असो, तो जास्त होता असं मी म्हणणार नाही. आमिर खान आधी मानधन न घेता नफ्यात वाटा घेतो, हे त्याने स्वतः अनेकदा सांगितलंय. मला ही पद्धत सगळ्यात सचोटीची वाटते. चाललं तर भरपूर घे, पडलं तर आमच्याबरोबर तूही सोस.

अडचण बाकीच्यांची आहे. 2024 मध्ये करण जोहर उघडपणे बोलले की पस्तीस कोटी मागणाऱ्यांच्या पिक्चरला साडेतीन कोटींची ओपनिंग, म्हणजे सुरुवातीची कमाई, मिळते. ते ऐकून आमच्या ऑफिसात कोणालाच नवल वाटलं नाही. त्या आकड्याशिवाय मेकअपवाला, हेअरवाला, ट्रेनर, कुक, बॉडीगार्ड, त्यांच्या गाड्या आणि जादा व्हॅनिटी व्हॅन, हे सगळं निर्मात्याच्याच बिलात येतं. आणि 2016 मध्ये 'सैराट'ने काय दाखवलं? रिंकू राजगुरू आणि आकाश ठोसर यांची नावं तोवर कोणाला ठाऊक नव्हती, तरी लोक ट्रॅक्टर-टेम्पो भरभरून थिएटरांवर आले. नावाचं भाडं न मोजताही माणसं येतात, गोष्ट त्यांची वाटली तर.

एवढं सांगूनही काकूंना माझं खरं म्हणणं सांगितलंच नव्हतं. मला कोटींचा राग नाही. राग आहे तो पैसे निघण्याच्या क्रमाचा.

काही वर्षांपूर्वीचा एक गुरुवार. हिरोचं डबिंग दुपारी होतं. सकाळी त्याच्या मॅनेजरचा फोन आला, शेवटचा हप्ता खात्यात आल्याशिवाय सर माइकसमोर उभे राहणार नाहीत. निर्मात्यांनी दोन तासांत कुठून तरी पैसे उचलले आणि मी आरटीजीएस केलं. त्याच दुपारी एक लाइटमन दारात उभा होता. त्याची ही तिसरी खेप. फिल्मसिटीतल्या नाइट शिफ्टचे पैसे चार महिने अडकले होते. प्लास्टिकच्या पिशवीत त्याने आपल्या शिफ्टच्या नोंदींच्या झेरॉक्स घडी घालून आणल्या होत्या. तापलेल्या लाइटने भाजल्याचा डाग त्याच्या उजव्या तळहातावर होता, हे मला दिसलं, कारण कागद माझ्यासमोर तो त्याच हाताने सपाट करत होता. म्हणाला, "ताई, पैसे राहू द्या, नुसती तारीख सांगा. घरी तारीख सांगायचीय."

माझ्याकडे तारीख नव्हती. अख्ख्या लाइट डिपार्टमेंटची थकबाकी सकाळी गेलेल्या हप्त्याच्या शंभराव्या भागाइतकीही नव्हती. हिरो डबिंग अडवू शकतो म्हणून त्याचे पैसे निघतात. लाइटमनने लाइट लावला की त्याचं काम संपलं, मग त्याच्या हातात अडवायला काही उरत नाही. आमच्याकडे नव्वद दिवसांनी पेमेंट हा रिवाज मानतात आणि नव्वदाचे एकशेवीस कधी होतात, ते कोणी मोजत नाही. लोकांना तारखा देत राहायचं काम माझं असतं, म्हणून मला हे जास्त लागतं.

मी काकूंना म्हटलं, हिरोने तीस कोटी घ्यावेत, पण करारात एक ओळ टाकावी: युनिटचे पैसे चुकते झाल्याशिवाय माझा शेवटचा हप्ता काढू नये. त्याच्या एका सहीने हे होतं. दुसऱ्या कोणाच्याच सहीत तेवढं बळ नाही.

"असं कोणी करतं का?" काकूंनी विचारलं.

करारात लिहिलेलं मी अजून पाहिलेलं नाही. पण एक जुने मराठी चरित्र अभिनेते होते, हिरोच्या मानाने त्यांचे पैसे काहीच नव्हते. चेक घ्यायला आले आणि खुर्चीवर बसायच्या आधी विचारलं, "लाइटवाल्यांचं झालं का?" मी म्हटलं, सोमवारी होईल. त्यांनी चेक उचलला, त्यावरचं आपलं नाव वाचलं आणि परत माझ्याकडे सरकवला. "मग हा तुझ्या ड्रॉवरमध्ये ठेव. मी मंगळवारी येतो."

चार दिवस तो चेक माझ्या ड्रॉवरमध्ये होता. सोमवारी संध्याकाळपर्यंत मी लाइटवाल्यांची सगळी व्हाउचरं सही करून घेतली. मंगळवारी सकाळी ते आले, तेव्हा त्यांनी काही विचारायच्या आधीच मी ती गड्डी टेबलावर ठेवली.