अकरा सेकंद

गेल्या हिवाळ्यात कोथरूडमधील एका नाट्यगृहात एका ज्येष्ठ गायकाच्या मैफलीचे ध्वनिमुद्रण मी केले. गीत, चाल आणि गळा तिन्ही त्यांचेच; वय सत्तरीच्या पुढे. या मैफलीचा अल्बम निघायचा होता.

सकाळ अर्थिंगच्या घोळातून येणारी ५० हर्ट्झची गुणगुण शोधण्यात गेली. नाट्यगृहाच्या वायरिंगबद्दल विचारले की तिथला प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. दुपारची तालीमही मी २४ बिटमध्ये मुद्रित करून ठेवली. श्रोत्यांसाठीचे दोन माइक रंगमंचापासून सुमारे १७ मीटरवर होते. तिथवर आवाज पोहोचायला ५० मिलिसेकंद लागतात, आणि तेवढा तो ट्रॅक अलीकडे ओढला नाही तर तबल्याच्या प्रत्येक थापेमागे तिचे भूत ऐकू येते.

उत्तरार्धात, त्यांच्या सर्वांत गाजलेल्या गाण्याच्या तिसऱ्या अंतऱ्यात काका थांबले. ओळ आठवेना. तबलजींनी ठेका सोडला नाही, हार्मोनियम षड्जावर थांबून राहिली, आणि मागच्या रांगेतून एका बाईंनी ती ओळ गाऊन दिली. एरवी चूक दाखवायला उत्सुक असलेले पुणेकर श्रोते त्या वेळी खोकलेसुद्धा नाहीत. काका हसले आणि पुढे गायले.

निर्मात्यांना तिथे तालमीतला तुकडा हवा होता. ऐकणाऱ्याला वाटते, आवाज कापून आवाज लावायचा. पण गायकाच्या माइकमध्ये शेजारचा तबलाही उतरलेला असतो, त्यामुळे दुपारचा आवाज दुपारचा तबला घेऊनच येतो. लय दुपारी किंचित धिमी होती, ती आवळून समेवर बसवली. रिकाम्या सभागृहाचा घुमारा भरलेल्या सभागृहापेक्षा लांबतो, म्हणून तो आखडला, आणि खाली श्रोत्यांची शांतता दुसऱ्या गाण्याच्या सुरुवातीची अंथरली. दोन रात्री गेल्या. सांधा कुठे आहे, हे आज मलाही पडद्यावर पाहिल्याशिवाय सांगता येत नाही.

काकांनी मात्र डोळे मिटून ऐकले आणि म्हणाले, “हे दुपारचं. दुपारी मी चहा घेतला नव्हता, गळा कोरडा होता.” मला वाटले, आता मूळचे ठेवायला सांगतील; मीही तसे सुचवून पाहिले. ते म्हणाले, “अरे, लोकांनी पैसे देऊन माझं विसरणं का ऐकायचं? राहू दे, चांगलं बसलंय.”

अल्बम तसाच निघाला. काम चांगले झाले हे खरे, आणि तेच मला टोचते; सांधा जरा उघडा राहिला असता तर कदाचित त्यांनी तो नाकारला असता. मूळचे अकरा सेकंद मी वेगळ्या फाइलमध्ये ठेवले आहेत. त्यात बाईंचा पंचम थोडा उतरलेला आहे. तो मी दुरुस्त केलेला नाही.