बत्तीस म

आमच्या खारेपाटात, अलिबागेकडच्या खाडीकाठच्या भातपट्ट्यात, जुनी माणसं जमिनीची चौकशी करताना अजून विचारतात, "तुमचं बत्तीस म झालंय ना?" कूळ कायद्याच्या या कलमाखाली कुळाला, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याला, ती जमीन विकत घेतल्याचं प्रमाणपत्र मिळतं. आमच्या घरी ते देवघराच्या वर, पत्र्याच्या नळकांड्यात होतं. आजा दर पंधरा ऑगस्टला शाळेतून झेंडावंदन करून आला की ते नळकांडं काढायचा, कागद उलगडायचा, परत गुंडाळून ठेवायचा. त्याला वाचता येत नव्हतं.

मी पुढे तलाठी झाले, तीस वर्षं रायगड जिल्ह्यातच सजे सांभाळले. देश स्वतंत्र झाल्यावर गावात नेमकं काय बदललं, हे मला भाषणांपेक्षा फेरफाराच्या, जमिनीच्या हक्कबदलाच्या, नोंदवह्यांनी जास्त सांगितलं.

आजा अर्धलीने जमीन कसायचा. एक एकर सात गुंठे भातशेती, मालक अलिबागेत. निम्मं भात मालकाच्या घरी पोचवायचं, आणि बांध फुटून खारं पाणी आत आलं तर ते नशीब कुळाचं. हे मोडावं म्हणून शेजारच्या चरी गावात २७ ऑक्टोबर १९३३ ला संप सुरू झाला. नारायण नागू पाटील पुढारी. पंचवीस गावांनी सहा वर्षं मालकांची शेतं कसली नाहीत. माणसं जंगलातली लाकडं विकून जगली. आजा तेव्हा पोरगा होता. संपातल्या दिवसांबद्दल विचारलं की तो फक्त "करवंदं खाल्ली" एवढंच सांगायचा. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ ला मुंबई कायदेमंडळात खोती, म्हणजे खोतांनी कुळांकडून सारा वसूल करायची पद्धत, रद्द करण्याचं विधेयक आणलं, पुढच्या जानेवारीत हजारो शेतकरी मुंबईला मोर्चाने गेले. खोती प्रत्यक्षात संपवणारा कायदा मात्र १९४९ चा. स्वतःचं राज्य आल्याशिवाय ते झालं नाही, हे मी विसरू शकत नाही.

मग १९४८ चा कूळ कायदा, आणि १९५६ च्या दुरुस्तीनंतर १ एप्रिल १९५७, कृषक दिन. त्या दिवशी जो जमीन कसत होता तो कायद्याने तिचा मालक मानला गेला. मला वाटतं, आमच्याकडचं खरं स्वातंत्र्य ते. पण त्याआधीच्या सात-आठ वर्षांच्या नोंदवह्या चाळल्या तेव्हा एकच वाक्य पानोपानी भेटत गेलं : "कुळाने स्वखुशीने कब्जा सोडला." खाली अंगठा. एकेका पानावर तीन-तीन अंगठे. सहा वर्षं उपाशी राहून ज्या गावांनी जमीन मागितली, तिथली कुळं ती स्वखुशीने सोडतील? कायदा मुंबईत होत होता आणि अंगठे इथे घेतले जात होते.

आज्याने अंगठा दिला नाही. तरी १९५७ ला त्याला जमीन मिळाली नाही, कारण मालक १९५५ ला वारला आणि मागे मुलगा अज्ञान, म्हणजे अठराच्या आतला. मालक विधवा असेल किंवा अज्ञान असेल तर कुळाचा खरेदीचा हक्क पुढे ढकलला जातो. मुलगा सज्ञान झाला की ठरलेल्या मुदतीत कुळाने लेखी कळवायचं, मला जमीन घ्यायची आहे म्हणून. हे आज्याला सांगणार कोण? मुलगा अठरा वर्षांचा झाला, मुदत संपली, आजा भात पेरत राहिला. शेजारच्या बांधावर त्याच मालकाचं दुसरं कूळ होतं, तेही पेरत राहिलं.

१९६९ ला कायद्यात दुरुस्ती झाली आणि अशा चुकलेल्या कुळांना आणखी दोन वर्षांची संधी मिळाली. गावातल्या मास्तरांनी वर्तमानपत्रात वाचलं आणि रात्रीच आमच्या ओटीवर येऊन अर्ज लिहून दिला. शेजारी त्या पावसाळ्यात मुंबईला गोदीत कामाला गेला होता. त्याचा अर्ज राहिला. पुढे त्याची जमीन मालकाकडे गेली, आणि त्याची नातवंडं आजही भाड्याच्या खोलीत आहेत. दोघांचा कायदा एक, घाम एक, फरक एका अर्जाचा. तलाठी म्हणून कुणी दारात उभं राहिलं आणि "ताई, मला काय माहीत?" म्हणालं की मला तो शेजारी आठवायचा.

मग किंमत ठरवायची बत्तीस ग ची सुनावणी, आकाराच्या, म्हणजे जमिनीच्या सरकारी साऱ्याच्या, पटीत किंमत, वर्षाचे हप्ते. आजीने दोन हप्त्यांसाठी गळ्यातली मण्यांची माळ मोडली. शेवटचा हप्ता १९७९ ला. प्रमाणपत्र आलं ते आज्याच्या एकट्याच्या नावाने. लावणी, खणणी, बांधावर चिखल टाकणं, सगळं आजीने बरोबरीने केलं होतं. तिचं नाव सातबाऱ्यावर आलं ते आजा गेल्यावर, वारस म्हणून.

इथे मला माझंही लिहायचं आहे. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका भावाने वारसांची यादी आणली, त्यात बहिणी नव्हत्या. मी न विचारता नोंद धरली. चार महिन्यांनी त्यातली एक बहीण आली, तान्हं मूल कडेवर, आणि म्हणाली, "मी मेले असं लिहिलंय का?" नोंद दुरुस्त होईपर्यंत दीड वर्ष गेलं. त्यानंतर मी प्रत्येक यादीवर स्वतः विचारत गेले, मुली किती, कुठे दिल्या.

आता आमच्या त्याच एकर सात गुंठ्यांकडे गिऱ्हाईक आलं आहे. मांडव्याला रो-रो बोट आली, अटल सेतू झाला, शेतघरं वाढली. कुळाला मिळालेली जमीन परवानगीशिवाय विकू न देणारं कलम ४३ चं बंधन २०१४ च्या दुरुस्तीनंतर आकाराच्या चाळीस पट रक्कम भरली की सुटतं. आमचा आकार तीन रुपये बारा पैसे. म्हणजे एकशे चोवीस रुपये ऐंशी पैसे. ज्या जमिनीसाठी आजीने माळ मोडली, तिच्यावरचं बंधन एवढ्यात सुटतं. चुलतभावांना विकायची आहे, आणि मी त्यांना दोष देत नाही. भातशेती कुणाला परवडत नाही, पोरं पनवेलला नोकरीला आहेत.

पण शेताच्या वरच्या कोपऱ्यात एका कातकरी कुटुंबाचं झोपडं आहे. माझ्या आठवणीत तिसरी पिढी. आमची लावणी-कापणी तीच माणसं करत आली. सातबाऱ्याच्या कुठल्याच रकान्यात ती नाहीत. नवा मालक कुंपण घालेल तेव्हा ती आज्याच्या जागी उभी असतील, आणि आज्याच्या मालकाच्या जागी माझी सही असेल.

मी भावांना सांगितलं आहे, तो कोपरा आधी वेगळा करून त्यांच्या नावे करूया, मग सही. एवढ्याशा तुकड्याला तुकडेबंदी, ठरावीक मापाहून लहान तुकडा पाडू न देणारा कायदा, आड येते हे मला कुणी सांगायला नको, तीस वर्षं तेच काम केलं आहे. वकिलाकडे दोनदा जाऊन आले. भावांनी दिवाळीपर्यंत थांबायचं कबूल केलं आहे. मोजणीचे पैसे मी भरले, पावती त्याच नळकांड्यात ठेवली आहे, तारीख अजून लागलेली नाही.