शिडाच्या बोटीच्या शोधात: बेळगाव ते मांडवी आणि शापोरा

पाण्यावर कायमचे बिऱ्हाड थाटण्यासाठी शिडाची बोट शोधायला आपल्या सीमाभागातून जे कोणी निघतील, त्यांना सर्वांत आधी सांगायचे ते हे, की पाण्यात उभी असलेली बोट पाहून तिच्याविषयी कोणतेही मत बनवू नये आणि ती पाण्याबाहेर काढून दाखवण्याचा एकूण खर्च दलालाकडून लेखी घेतल्याशिवाय घर सोडू नये. मांडवीच्या काठी आम्हाला जो मनस्ताप झाला, तो बहुतेक सगळा या एका खर्चापायी झाला.

जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, केरी, साखळी असा सुमारे ११० किलोमीटरचा पणजीचा रस्ता बेळगावकरांना नव्याने सांगायला नको. धुक्याच्या दिवसांत उजेडी घाट उतरावा, एवढे पुरे. खानापूर तालुक्यात उगम पावलेली म्हादई पुढे मांडवी होऊन पणजीपाशी समुद्राला मिळते. तिच्याच नावाच्या, नौदलाच्या ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेतून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये आणि अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली आणि ती नौका याच नदीतल्या दिवाडी बेटावर बांधली गेली. त्यामुळे आमच्या अपेक्षा उंचावलेल्या होत्या. नवी नौका बांधण्याचे कसब तिथे निःसंशय आहे; जुन्या बोटींचा बाजार मात्र निराळ्या लोकांच्या हातात आहे.

जाहिरातीत ३४ फुटी फायबरची बोट होती: ‘राहण्यास तयार, तळ नुकताच रंगवलेला’. आत नव्या गाद्या, नवे पडदे आणि ओल्या रंगाचा वास होता. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतले आमचे जुने फिटर मामा बरोबर होते. आत शिरताच त्यांनी कशाकडेही न पाहता डिझेल इंजिनावर हात ठेवला आणि म्हणाले, “हे आधीच तापवून ठेवलंय.” थंड इंजिन पहिल्या फेऱ्यात कसे सुरू होते आणि धूर कोणत्या रंगाचा सोडते, यावरच त्याची परीक्षा होते, निळा धूर म्हणजे तेल जळते आहे. इंजिन गरम मिळाले तर चहा पिऊन यावे आणि ते निवेपर्यंत किल्ली दलालाच्या हाती राहू देऊ नये.

बोट वर काढण्यासाठी फोनवर ठरले होते ते क्रेनचे भाडे. प्रत्यक्षात पट्ट्यांचे पैसे वेगळे, पट्टे तळाखालून सरकवणाऱ्या पाणबुड्याचे वेगळे, दोरखंड धरणाऱ्या चौघांचे वेगळे, आणि आम्ही सांगितले नसताना त्यांनी केलेल्या धुलाईचेही वेगळे निघाले. याहून वाईट प्रकार पुढे झाला. बोट वर घेण्याची वेळ दलालाने भरती संपता संपता ठेवली होती. आम्ही तळ तपासेपर्यंत ओहोटी लागली, उतरणीपाशी पाणी उरले नाही, आणि पुढच्या भरतीपर्यंत बोट सोडता येणार नाही म्हणून जागेचे भाडे तासांवर सुरू झाले. शेवटी ठरलेल्या रकमेच्या जवळजवळ तिप्पट पैसे मोजावे लागले. हा योगायोग होता असे मला वाटत नाही. बेळगावची केए २२ पाटीची गाडी पाहून हा माणूस परत जाऊन पुन्हा यायचा नाही, हे दलालाने ओळखले होते. म्हणून भरती-ओहोटीचे वेळापत्रक स्वतः पाहावे, पाणी चढत असतानाच बोट वर घ्यायला लावावी, आणि ‘क्रेन, पट्टे, पाणबुडा, माणसे, जागा, पुन्हा पाण्यात सोडणे, सर्व मिळून’ हे शब्द कागदावर उतरवून घ्यावेत. याला नकार देणाऱ्या दलालाची बोट पाहायलाही जाऊ नये.

पैसे गेले तरी बोट वर काढली हे बरेच झाले. नव्या रंगाखाली नाण्याएवढे फोड होते. मामांनी एक टोचला तेव्हा आतून व्हिनेगरसारखा आंबट वास येणारा द्रव ओघळला, म्हणजे फायबरात पाणी मुरलेले होते. कील, म्हणजे बोट उलटू नये म्हणून तळाखाली बसवलेला जड पंखा, जिथे तळाला बोल्टांनी जोडलेली असते, तिथल्या फटीतून गंजाचा ओघळ खाली आला होता. तळातून आरपार जाणाऱ्या पाण्याच्या व्हॉल्व्हवर चाकूने ओरखडा काढला, तर आतला धातू पिवळा न दिसता गुलाबी दिसला. पितळेतले जस्त खाऱ्या पाण्याने खाल्ले की मागे ठिसूळ तांबे उरते, हे बेळगावसारख्या फाउंड्रीच्या, म्हणजे धातू ओतण्याच्या कारखान्यांच्या, गावात कोणालाही कळेल. असा एक व्हॉल्व्ह रात्री तुटला तर झोपेतच बोट भरते. दलालाने त्याच क्षणी किंमत एक तृतीयांशाने खाली आणली. यावरून त्याला सारे ठाऊक होते असे मी समजतो. ती बोट फुकट दिली तरी घेऊ नये.

डोलकाठीच्या तारांना धरून ठेवणाऱ्या पोलादी पट्ट्या डेकमधून जिथे आत शिरतात, तिथे आरसा आणि विजेरी घेऊन पाहावे. स्टेनलेस स्टील उघड्यावर चकाकते, पण हवा न मिळणाऱ्या ओल्या फटीत आतून कुजते. तारा दहा-बारा वर्षांपेक्षा जुन्या असतील तर नव्यांचा खर्च किमतीतून वजा करूनच बोलणी करावी.

बोट पाहण्याचा उत्तम काळ जून-जुलै हा आहे, हे ऐकून अनेकांना नवल वाटेल. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, बोटी नांगरून पडलेल्या असतात आणि मालकाला जागेचे भाडे टोचत असते. शिवाय पाऊस काही लपू देत नाही. कणकुंबीच्या कौलारू घरात राहिलेल्यांना ठाऊक आहे की पाणी शिरते एकीकडे आणि ठिबकते दुसरीकडे. डेकचेही तसेच आहे, म्हणून गादी उचलून खालची फळी हाताने दाबून पाहावी.

कागदांत विक्रेत्याचे नाव नोंदणीपत्राशी जुळले पाहिजे, आणि परदेशी झेंड्याखाली आलेली बोट असेल तर सीमाशुल्क भरल्याची पावती हवीच. ती ‘नंतर मिळेल’ म्हणणाऱ्यास नमस्कार करून निघावे. त्याहूनही आधी जागा ठरवावी. कायम राहण्याच्या सोयीची खरी मरिना, म्हणजे अशा बोटी बांधून ठेवण्याचा धक्का, कोचीला बोलगाटी बेटावर आहे. गोव्यात नदीत नांगर टाकून राहायचे तर पिण्याचे पाणी होडीने वाहावे लागते. पावसाळ्यात वरच्या अंगाला आसरा घ्यायचा असेल तर वाटेतल्या पुलांखालून डोलकाठी जाते का, हे मोजून घ्यावे.

वेंगुर्ला आणि मालवणचे दिवस सुखाचे गेले, जेवण उत्तम मिळाले, बोटी सगळ्या मासेमारीच्या निघाल्या. या कामासाठी तिकडे जाऊ नये.

उत्तर गोव्यातल्या शापोऱ्याच्या नदीत मात्र एक २८ फुटी बोट पाहिली: रंग उडालेला, शिडे मळकट, आत कोंदट वास, आणि मालक स्वतः वर काढून दाखवायला तयार. तळ ओहोटीत वाळूवर टेकला तेव्हा आम्ही गुडघाभर चिखलात उभे राहून शिंपल्यांचा थर खरवडला. खाली एकही फोड नाही, व्हॉल्व्ह कांस्याचे, कीलची जोड कोरडी. त्या आनंदात मी कदाचित जास्त बोलत असेन, पण कुरूप बोटच घ्यावी असे माझे आता ठाम मत झाले आहे. बयाणा दिला आहे. उरलेली रक्कम ती क्रेनने वर घेऊन एक रात्र पूर्ण सुकल्यावर, मामांनी कीलचे बोल्ट तपासल्यानंतर द्यायची आहे, आणि क्रेनचा खर्च मालक करणार हे कागदावर त्याच्या सहीने लिहून घेतले आहे.