सांकारला जायचं तर पाओ वाटाड्या हवाच

म्यानमारच्या शान प्रांतातल्या इनले सरोवरावर गेलेले बहुतेक प्रवासी इंदेइन गाव बघून परततात. तिथे हजारावर स्तूप आहेत आणि वाटेत दुकानंही भरपूर. मला त्याच्या बरंच पुढे, पार दक्षिणेच्या टोकाकडे सांकार या गावाला जायचं होतं. जानेवारी 2019 मध्ये ते जमलं.

व्हिसाचं काम घरबसल्या झालं, 50 डॉलर भरून. यांगूनहून विमानाने हेहो, तिथून टॅक्सीने न्यौंगश्वे. गावात शिरण्याआधी परदेशी प्रवाशांकडून सरोवराचं प्रवेशशुल्क घेतात, त्याची पावती जपावी. डॉलरच्या नोटा मात्र कोऱ्या करकरीत हव्यात. मधोमध घडी पडलेली नोट माझ्यादेखत दोन ठिकाणी परत केली गेली.

खरी खटपट पुढे होती. दक्षिणेचा भाग पाओ या तिथल्या वांशिक समाजाचा, त्यामुळे परदेशी माणसाने पाओ वाटाड्या घ्यायचा आणि वेगळं शुल्क भरायचं, असा नियम. होडीचं भाडंही इंदेइनच्या फेरीपेक्षा बरंच जास्त. गेस्टहाउसच्या फळ्यावर चिठ्ठी लावून दोन भागीदार मिळवले, तेव्हा कुठे परवडलं. हा पैसे उकळण्याचा प्रकार आहे, अशी कुरकुर त्या दोघांनी केली. मला तसं वाटलं नाही. ज्यांच्या दारात आपण जातो, त्यांच्या हाती चार पैसे पडले तर बिघडलं कुठे?

सरोवर समुद्रसपाटीपासून साधारण 880 मीटरवर आहे, त्यामुळे जानेवारीतल्या सकाळी होडीत कुडकुडायला होतं. गोधडीसारखं काहीतरी पांघरायला देतात, ते नाकारू नये. डिझेल इंजिनाच्या फटफटाटात बोलणं अशक्य. तरंगत्या वाफ्यांवरची टोमॅटोची शेती मागे पडते, पाणी चिंचोळं होत जातं आणि जवळजवळ तीन तासांनी पुन्हा पसरतं.

ते का पसरतं, हे आमच्या वाटाड्या मुलीने होडी थांबल्यावर सांगितलं. इनलेतून निघणारी बालू नदी पुढे लॉपिताला वीज तयार करते. जपानने दिलेल्या युद्धभरपाईतून तिथलं केंद्र उभं राहिलं, 1960 मध्ये. नंतर मोबयेला धरण झालं आणि पाणी इथवर तुंबलं. काठावरचे काही स्तूप म्हणूनच पाण्यात उभे आहेत. फोटोत ते फार सुंदर दिसतात. तिच्या आजीची शेतजमीन त्याच पाण्याखाली आहे.

थारकाँगच्या स्तूपांपाशी चपला-मोजे काढून अनवाणी फिरलो. काही विटांचे, अंगावर झाडं उगवलेले, काहींचं वरचं छत्र कलंडलेलं. शेजारीच सिमेंटने लिंपून सोनेरी रंग दिलेले. देणगीदारांसाठी ते पुण्यकर्म. पण त्या गिलाव्याखाली जुनी चुन्याची नक्षी गेली, याची चुटपुट आमच्या वाटाड्या मुलीला होती आणि मलाही लागली.

जेवायला शान टोफू मिळाला. तो सोयाबीनचा नव्हे, हरभऱ्याच्या पिठाचा. घट्ट पिठलं थापून कापलेल्या वड्याच जणू. गावात तांदळाची दारू गाळतात, त्या भट्टीवरच्या आजींनी कुठून आलीस विचारलं. मी रत्नागिरीची. म्यानमारच्या थिबा राजाला इंग्रजांनी नजरकैदेत ठेवलं आणि 1916 मध्ये तो वारला, ते गाव, असं मी मोठ्या उत्साहाने सांगितलं. मुलीने भाषांतर केलं, दोघी हसल्या. "तो बर्म्यांचा राजा," मुलगी म्हणाली, "आमच्याकडचे शान सरदार त्याच्याविरुद्ध उठले होते." माझा सगळा आव उतरला.

दुपारी उशीर न करता निघावं, कारण अंधारात त्या चिंचोळ्या पाण्यातून येणं कठीण.

हे सगळं तेव्हाचं. फेब्रुवारी 2021 मध्ये लष्कराने सत्ता घेतल्यानंतर सांकारच्याही दक्षिणेला, मोबये आणि पेकोनच्या बाजूला लढाई झाली. मार्च 2025 च्या भूकंपात सरोवरावरची कितीतरी घरं कोसळली. त्यामुळे आज जायचं तर आधी भारतीय दूतावासाच्या सूचना बघा, आणि दक्षिणेकडे होड्या जातात का, हे न्यौंगश्वेत पोचल्यावर नव्हे, तिकीट काढण्याआधी विचारा.