काळ्या रानातलं कॉलेज

कर्नाटकातल्या निपाणीकडच्या काळ्या रानात इमारत उभी करायची तर मोठा खर्च जमिनीखालीच होतो. आमच्या भागातल्या एका सरकारी पदवी कॉलेजच्या बांधकामावर मी सुपरवायझर होतो. एस्टिमेटमध्ये पाया धरलेला पाच फूट. पण ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. घट्ट मुरूम लागेपर्यंत खाली जावंच लागतं. खोदाई वाढली, काँक्रीट वाढलं, सळई वाढली. त्यातच 18 जुलै 2022 पासून बहुतेक सरकारी बांधकामांवरचा जीएसटी 12 वरून 18 टक्के झाला.

सुधारित अंदाजपत्रक बेंगळूरला गेलं आणि तिथंच अडकलं. शेवटी वरचा मजला वगळला. विज्ञानाच्या प्रयोगशाळा तिथंच होणार होत्या! बी.एस्सी. करायची तर पोरींनी रोज एसटीनं दुसरं गाव गाठायचं, हे मला पटत नाही.

अशा कामांना पैसा कमी पडला तर सरकार कर्ज काढतं. राज्य सरकार रिझर्व्ह बँकेमार्फत कर्जरोखे, म्हणजे व्याजासह परतफेडीची हमी देणारे कागद, लिलावात विकतं. बँका, विमा कंपन्या ते घेतात. पण तो पैसा राज्याच्या एकत्रित तिजोरीत जातो, अमुक कॉलेजच्या नावानं नाही. कॅलिफोर्नियात नोव्हेंबर 2016 मध्ये मतदारांनी शिक्षणाच्या इमारतींसाठी 9 अब्ज डॉलरचे रोखे मंजूर केले, त्यातले 2 अब्ज कम्युनिटी कॉलेजांसाठी. कर्ज कशासाठी काढतोय, हे तिथं मत देणाऱ्याला आधीच कळलं.

आपल्याकडं निदान टेंडरआधी माती तपासा. चाचणीचे खड्डे घ्या, अहवाल एस्टिमेटला जोडा, आणि वाढीव पायाची रक्कम पहिल्याच मंजुरीत धरा.