रद्द केलेली ड्रॉइंग परत आली तेव्हा

रेड-५ म्हणजे सर्व्हरमधल्या अनेक डिस्क जोडून एकच मोठी डिस्क केल्यासारखी मांडणी. त्यात एक डिस्क गेली तर काम चालू राहतं, दुसरी गेली की सगळंच जातं. ट्रेनी पोरांना हे मी फळ्यावर आकृती काढून शिकवायचो. २०१३ मधल्या एका शुक्रवारी सकाळी सव्वानऊला त्याचं प्रात्यक्षिकच बघायला मिळालं. गुरुवारी संध्याकाळी तीन नंबरची डिस्क गेली, मी नवी घातली, रीबिल्ड (उरलेल्या डिस्कवरून गेलेल्या डिस्कचा डेटा नवीवर पुन्हा तयार करणं) सुरू करून घरी गेलो. सकाळी येऊन बघतो तर रीबिल्ड ६१ टक्क्यांवर अडकलेलं आणि पाच नंबरवरही लाल दिवा. रीबिल्डमध्ये उरलेल्या प्रत्येक डिस्कचा कोपरा न् कोपरा वाचला जातो, आणि आमच्या सहाही डिस्क एकाच दिवशी विकत घेतलेल्या. एकाच वयाच्या.

भोसरीतला आमचा मशीनिंगचा कारखाना. त्या सहा डिस्क मिळून झालेल्या व्हॉल्यूमवर ड्रॉइंग ऑफिसचा सगळा संसार होता, साधारण १.१ टीबी.

बॅकअप होता. दर शनिवारी रात्री फुल, म्हणजे सगळ्या फाइलींचा; सोमवार ते गुरुवार इन्क्रिमेंटल, म्हणजे फक्त नव्या-बदललेल्यांचा. सगळं एलटीओ-४ जातीच्या चुंबकीय टेपवर. फुलच्या दोन टेप कारखान्याबाहेर असाव्यात म्हणून अकाउंट्सच्या साहेबांच्या घरी कपाटात असायच्या. फोन केला, गाडी काढली. वहिनींनी पैठणीच्या घडीखालून डबा काढून दिला आणि विचारलं, "एवढ्याशा डब्यात सगळी कंपनी?" एका टेपमध्ये ८२० मीटर पट्टी असते, हे सांगायच्या मनःस्थितीत मी नव्हतो.

परत आल्यावर माझीच करणी उघडी पडली. कोणती फाइल कोणत्या टेपवर आहे, याचा कॅटलॉग सी ड्राइव्हवर जागा खात होता, म्हणून काही महिन्यांपूर्वी मीच तो डी वर हलवला होता. डी म्हणजे तेच गेलेलं व्हॉल्यूम. किल्ली तिजोरीत ठेवून तिजोरी लावून घेतल्यासारखं! आता आधी टेप नुसत्या वाचून कॅटलॉग नव्याने बनवायचा आणि मग रिस्टोर, म्हणजे फाइली टेपवरून परत डिस्कवर आणायच्या, म्हणजे तीच पट्टी दोनदा. एलटीओ-४ पूर्ण वाचायची तर पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत ५६ वेळा जाते. प्रत्येक टोकाला ड्राइव्ह क्षणभर थांबतो, उलटा फिरतो. साधारण दोन मिनिटांनी एकदा तो आवाज. कॅटलॉगला तीन तास लागले. तेवढ्यात व्हेंडरचा माणूस नव्या डिस्क घेऊन आला.

पाच वाजता रिस्टोर सुरू केला. कागदावर या ड्राइव्हचा वेग सेकंदाला १२० एमबी, पण लाखभर बारक्या फाइली लिहायच्या म्हटल्यावर आमचा आकडा ४० च्या वर जाईना. ड्रॉइंग ऑफिसचे हेड, त्यांना सगळे काका म्हणतात, दर तासाला येऊन टक्के बघून जायचे. बोलायचे काही नाहीत. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं.

रात्री अकराच्या सुमारास दुसऱ्या टेपवर रीड एरर. पोटात गोळा आला. ड्राइव्हचा क्लीनिंगचा पिवळा दिवा लागलेला, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर तो गेले दोन आठवडे लागलेलाच होता. बॅकअपचा लॉग रोज 'सक्सेस' म्हणत होता, म्हणून मी दुर्लक्ष केलं होतं. क्लीनिंग कार्ट्रिज घातली, मिनिट-दोन मिनिटांनी ती बाहेर आली, टेप पुन्हा आत सारली. वाचली. आलेल्या फाइली सोडून पुढचं घ्यायला सांगून रिस्टोर परत लावला. दोनला फुल संपला, त्यावर चार दिवसांचे इन्क्रिमेंटल ओळीने चढवले. पहाटे चारला मी खुर्चीतच डोळे मिटले.

साडेसहाला काकांनी हलवून उठवलं. "अरे, रद्द केलेली ड्रॉइंग परत आलीत."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ड्रॉइंगची नवी रिव्हिजन (सुधारलेली आवृत्ती) निघाली की काका जुनी फाइल 'रद्द' फोल्डरमध्ये हलवतात. पण फुल शनिवारचा, तेव्हा ती फाइल चालू फोल्डरमध्येच होती. आमचा इन्क्रिमेंटल फक्त नवीन काय आलं ते टिपायचा, काय निघून गेलं ते नाही. त्यामुळे सोमवारपासून हलवलेलं प्रत्येक ड्रॉइंग आता दोन्हीकडे होतं, आणि सातला पहिली शिफ्ट. शॉपवरचे लोक चालू फोल्डरमधूनच प्रिंट काढतात.

काका तसेच चपला घालून प्रिंटरकडे पळाले. मी दोन्ही फोल्डरमधली सारखी नावं काढायची छोटी स्क्रिप्ट लिहिली. ३७ फाइली निघाल्या. एकेक बघून चालू फोल्डरमधून उडवल्या.

एक प्रिंट मात्र सुटली होती. लेथवरच्या ऑपरेटरने ती मशीनला क्लिपने लावलीसुद्धा होती. बाहेरचा व्यास ४२, नव्या रिव्हिजनमध्ये ४२.५. काकांनी ती ओढून काढली तेव्हा त्याने जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, नुकताच लेथच्या चकमध्ये धरला होता. "काका, काल तर तुम्हीच बदललं म्हणाला होता," तो म्हणाला, "म्हणून मी विचारायलाच येत होतो."